बायको म्हणून

डावा हात डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता. उजव्या हाताने त्याने खिशातून दोऱ्याचा तुकडा काढला आणि शेजारी बसलेल्या ताईला दिला.

"तिच्या बोटाचं माप आहे. अंगठी तूच आण. मला दुकानात उभं राहवत नाही."

ताईला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने विचारलं, की तेरा वर्षं एका छपराखाली राहून जे सुचलं नाही ते आता कसं सुचलं. त्याने सांगितलं, की घर त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. तो गेला तर चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी कुलूप बदलतील आणि जिने एवढी वर्षं त्याचं सगळं केलं ती रस्त्यावर येईल. लग्न झालेलं असलं की तिला बाहेर काढायची कुणाची टाप नाही.

ताईने डोळे पुसले. आजवर ती त्या बाईचा उल्लेख 'तुझी ती' असाच करत आली होती. जाताना म्हणाली, "उशिरा का होईना, माणसासारखं वागलास."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती कपडे शिवायची. एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आत ती होती आणि तिचं कापडाचं गाठोडं. तिने घाबरू नये म्हणून तो बाहेरून काहीबाही बोलत राहिला. लिफ्ट सुरू झाली तरी बोलणं काही संपलं नाही. काही महिन्यांत ती शिलाई मशीन घेऊन त्याच्या दोन खोल्यांत राहायला आली.

सुरुवातीला तिने लग्नाचा विषय काढला होता. चार माणसांत तो म्हणाला, सही केल्यावर माणूस जास्त टिकतो का? सगळे हसले, तीही हसली. पुढे तिची आई अंथरुणाला खिळली. लेकीचं लग्न बघायचं एवढंच तिचं मागणं होतं. तो 'बघू' म्हणाला, आणि बघता बघता आई गेली. त्यानंतर तिने तो शब्द तोंडातून काढला नाही. शेजारी तिला वहिनी म्हणायचे. ती ओ द्यायची.

मागच्या हिवाळ्यात त्याचे पाय सुजायला लागले. बूट चढेनात, मग हत्यारांची पिशवी उचलवेना. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. ताईला साखर असल्यामुळे डॉक्टरांनी किडनी देणाऱ्यांतून तिचं नाव लगेच खोडलं. चुलतभावांना अचानक आपापली कामं आठवली. प्रतीक्षायादीत त्याचं नाव पार खाली होतं. डायलिसिसला शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन असायचा. तो फार विनोद करायचा. एका मंगळवारी त्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला होता.

घरी ती त्याला डॉक्टरांनी ठरवून दिल्याएवढंच पाणी मोजून द्यायची. स्वतःला तहान लागली की स्वयंपाकघरात जाऊन, त्याच्याकडे पाठ करून प्यायची. त्याला दिसू नये म्हणून.

वसंतात त्याने हट्टच धरला. माझ्यामागे धावून तुझी काडी झालीय, तुझीही एकदा सगळी तपासणी करून घे. तिने कुरकुर न करता करून घेतली. सगळं उत्तम निघालं. रिपोर्ट वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अरे, मला काय धाड भरलीय, असं म्हणत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

लग्नाचं त्याने डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तिच्याशी बोललात का? तो म्हणाला, अजून नाही, अचानक विचारायचंय.

"विचारा," डॉक्टर म्हणाले. "पण नीट विचारा."

त्याने नोंदणी कार्यालयातली गुरुवारची वेळ घेऊन ठेवली. आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं. चेहरा सुजलेला, रंग मातीसारखा. शर्ट अंगावर लोंबत होता. कशाला हवाय हे न विचारता तिने तो बाजूने आत घेऊन दिला.

रविवारी संध्याकाळी तो तिला त्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेला. वर वारा होता. त्याला गुडघ्यावर बसता येईना, म्हणून कठड्याला टेकून त्याने अंगठी पुढे केली. घराचं बोलला, चुलतभावांचं बोलला, तिच्या आईचं बोलला. तिथे अडखळला. पाठ केलेलं सगळं विसरला.

"मला तू हवी आहेस," तो शेवटी म्हणाला. "बायको म्हणून."

तिने अंगठी घेतली, बोटात घातली आणि हात जरा लांब धरून पाहिली.

"हो," ती म्हणाली.

तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तिने त्याला रडू दिलं. मग त्याने गुरुवारचं सांगितलं. ताई साक्षीला येईल, कपडे नवे नसले तरी चालतील, तासाभरात सगळं उरकेल. तिने मान हलवली. खालच्या रस्त्यावर दिवे लागत होते.

"आणि ऑपरेशन कधी?" तिने विचारलं.

त्याने डोकं उचललं.

"मी हिवाळ्यातच डॉक्टरांकडे गेले होते, माझी किडनी द्यायला," ती त्याची कॉलर सारखी करत म्हणाली. "नुसतं सोबत राहणारीची चालत नाही म्हणाले, बायकोचीच लागते. तेव्हापासून वाट बघत होते, तुला लग्नाचं कधी सुचतंय याची."