सातवा माणूस

"‘समजणे’ चालणार नाही," समितीतली लॉइस नॅडीनच्या अर्जावर पेन्सिल टेकवून म्हणाली. "समजलं की नाही ते मोजता येत नाही. तिथे ‘करून दाखवणे’ घाला."

नॅडीन प्रुइटच्या डोक्यात तिडीक गेली. ती कॉलेजात वेल्डिंग शिकवायची आणि अभ्यासक्रम समितीपुढे तिची मागणी एका ओळीची होती. वेल्डिंगच्या वर्गात बसण्याआधी बीजगणित पास व्हायला हवं, ही अट काढा. लागेल तेवढं गणित मी वर्कशॉपमध्येच शिकवते. एवढ्यासाठी दोन वर्षं तिला नाचवत होते. कधी तारीख चुकली म्हणून परत, कधी तासांची बेरीज जुळत नाही म्हणून परत. आज डिसेंबरातली शेवटची बैठक. आज मंजुरी मिळाली नाही, तर पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तकात तीच अट पुन्हा छापून येणार होती.

"घाला ‘करून दाखवणे’," ती म्हणाली. "ती पोरं करूनच दाखवतात. तुम्हीच काही करून दाखवत नाही."

भिंतीजवळच्या खुर्चीत ट्रिश बोडेन बसली होती, अंगात पेट्रोल पंपाचा शर्ट. तिशी उलटलेली, पदरात दोन मुली, आणि बीजगणितात तिसऱ्यांदा आपटलेली. वेल्डिंगच्या वर्गात नाव असेल तर येत्या सप्टेंबरपासून शिकाऊ म्हणून घेतो, असा शब्द तिला बंदरावरच्या जहाजदुरुस्तीवाल्यांनी दिला होता. त्यानंतर भरती नव्हती.

बाहेर बर्फाने जोर धरला होता. समितीत माणसं अकरा, मतदानाला निदान सात हवीत. आले होते नऊच. त्यातली मार्लिस मघाशीच उठली. सकाळी गाड्या लावताना नॅडीनच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, "अगं, आम्ही सगळे तुझ्याच बाजूने आहोत." आता लिंबाच्या वड्यांचा रिकामा डबा काखोटीला मारून ती निघाली. जाताजाता म्हणाली, "मनाने मी इथेच आहे हं." मग इतिहासाचा कर्मिट तोंड धुऊन येतो म्हणून गेला. जाताना पिशवी, टोपी, हातमोजे सगळं घेऊन गेला. तोही नॅडीनच्याच बाजूचा.

उरले सात. त्यातला एक वॉल्टर हॅगस्ट्रॉम, गणिताचा म्हातारा प्राध्यापक. दोन वर्षं प्रत्येक बैठकीत हा एकटा आडवा येत होता. त्याचं नाव काढलं तरी नॅडीनचे दात आवळले जायचे. शेवटी एकदाचा तिचा विषय पुकारला गेला, आणि तेवढ्यात वॉल्टरचा फोन थरथरला. त्याने तो वाचला, उठला आणि कोट चढवू लागला.

अध्यक्ष टुओमीने पेन खाली ठेवलं. "वॉल्टर, तू गेलास तर आपण सहाच राहतो. कोरम तुटला की मतदान नाही."

"माहितीये," वॉल्टर म्हणाला.

नॅडीन ताडकन उठली. "जा ना, वॉल्टर. किती सोयीचं आहे. ‘नाही’ म्हणायचीसुद्धा तसदी नको. फक्त ती तिकडे बसलीये, तिला तेवढं तोंडावर सांगून जा. म्हणावं, रस्ता घसरडा झाला, म्हणून तुझी नोकरी गेली."

वॉल्टरने ट्रिशकडे पाहिलं. "हिला अपूर्णांक येत नाहीत. ही लोखंडाची प्लेट चुकीची कापेल."

"कापेल तर माझ्यासमोर कापेल. मी पुन्हा कापून घेईन. तुझ्या वर्गात तीनदा चुकली, तेव्हा तू काय केलंस?"

वॉल्टरने कोटाची बटणं लावली आणि दार ओढून बाहेर गेला.

"पळाला म्हातारा," लॉइस म्हणाली. "असाच आहे तो. तू मनाला लावून घेऊ नकोस गं, आम्ही सगळे तुझ्या..."

"माझ्या बाजूचे कधीच आपापल्या गाडीत जाऊन बसलेत," नॅडीन म्हणाली. "आग लागो तुमच्या बाजूला."

टुओमीने समोरचे कागद गोळा केले. पुढची बैठक फेब्रुवारीत, तेव्हा हा विषय सगळ्यात आधी घेऊ, असं काहीतरी तो पुटपुटला. फेब्रुवारीत माहितीपुस्तक छापून आलेलं असतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रिश उठली.

"येते मी," ती म्हणाली. "संध्याकाळची ड्यूटी आहे."

ती दारापर्यंत पोचली आणि दार बाहेरून उघडलं. वॉल्टर उभा होता, हातात फोन.

"बायकोशी बोलून आलो," तो म्हणाला. "टेकडीचा रस्ता बंद करताहेत. आत्ता निघालो नाही तर आज घरी जाता येणार नाही. तिला म्हटलं, जेवून घे, मी इथेच कोचावर पडेन." त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "तूही बस गं. ऐकून जा. टुओमी, मतं घ्या."

ट्रिश परत भिंतीजवळच्या खुर्चीत बसली.

"बाजूने?" टुओमीने विचारलं. पाच हात वर झाले. अध्यक्षाचं मत फक्त बरोबरी झाली तरच धरतात, म्हणून त्याने आपला हात टेबलावरच ठेवला. "विरोधात?"

वॉल्टरने हात ताठ वर केला. "माझा विरोध आहे. नावानिशी लिहून घ्या," तो म्हणाला, आणि सात माणसं भरल्यामुळे ठराव मंजूर झाला.