खोटं खोटं दुखणं

वरच्या फळीवरचा डबा काढताना स्टूल निसटलं आणि तो स्वयंपाकघरात धाडकन पडला. पाय अंगाखाली दुमडला. घोट्यात काहीतरी कटकन वाजलं आणि त्याच्या तोंडून किंकाळी फुटली.

हॉलमध्ये लेक टीव्हीवर गेम खेळत होती. तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

क्षणभर त्याला उलगडा होईना. मग झाला, आणि तो घोट्यापेक्षा जास्त लागला. लेकीला वाटलं होतं, किंकाळी गेममधलीच आहे.

यात पोरीचा काही दोष नव्हता. आवाज देणं हा त्याचा धंदा. जाहिरातीत गोड बोलायचं, कार्टूनमधल्या अस्वलाचं घोरायचं, आणि गेल्या वर्षी मिळालेल्या या गेममध्ये मरायचं. गोळी लागून, भाजून, उंचावरून पडून. जखमी झालेला प्रत्येक सैनिक त्याच्या आवाजात विव्हळायचा आणि कोणी जवळ जाऊन संपवेपर्यंत पाणी मागत राहायचा. हा खेळ मोठ्यांसाठी आहे, असं खोक्यावर ठळक लिहिलं होतं. पण हौसेला मोल नसतं. दुसरीतल्या लेकीला मांडीवर घेऊन त्यानेच विचारलं होतं, ओळख बघू हा कोण? तिने ओळखलं आणि ती रडायला लागली. तेव्हा त्यानेच समजूत काढली होती की बाबाचं हे सगळं खोटं खोटं असतं. बायको कामावर जाताना रोज बजावायची की पोरीच्या हातात तो गेम देऊ नकोस. तो रोज मान डोलवायचा, आणि दुपारी घरात शांतता हवी म्हणून रोज द्यायचा.

"चिमे," त्याने हाक मारली. "इकडे ये गं."

हॉलमधून त्याचाच आवाज आला. पाणी, पाणी. अगदी हुबेहूब जमलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पुष्कळ हाकांनंतर ती दारात आली. हातात गेमचा कंट्रोलर तसाच. बापाला फरशीवर बघून ती दचकली नाही. तो आता उठेलच, अशी वाट बघत उभी राहिली.

"बाबा, खरं खरं की खोटं खोटं?"

त्याने तोंड उघडलं. विव्हळण्याचे जेवढे प्रकार त्याला येत होते तेवढे तिने ऐकलेले होते. खरं दुखणं आता कोणत्या आवाजात सांगायचं, ते त्याला सुचेना. शेवटी त्याने तिचा हात धरून टम्म सुजलेल्या घोट्यावर ठेवला.

तिने हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा हळूच ठेवून पाहिला.

"गरम आहे," ती म्हणाली. कंट्रोलर खाली ठेवून ती त्याच्याजवळ बसली, आणि वळून हॉलकडे बघू लागली.

"मग तिथे त्यांना पण असंच दुखत असेल. तू मला सांगितलं का नाहीस?"

लाजेने त्याला तिच्याकडे बघवेना. हॉलमधला सैनिक अजून पाणी मागत होता. त्याला गप्प करायचं बटण असलेला कंट्रोलर दोघांच्या मधे फरशीवर पडला होता. कोणीच त्याला हात लावला नाही.