वरच्या मजल्यावरचा जादूगार

चालू.

"आणि बाबा नेहमी म्हणायचे, की..." लेक थांबली. शोकसभेला आलेली दीडशे माणसंही थांबली. मंचाखाली कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या साउंडवाल्याने आवाजाची पट्टी केसभर वर सरकवली. रडू आलं की माणसाचा आवाज आधी खाली जातो, हे त्याला ठाऊक होतं.

"जाऊ दे. मला नाही जमणार. आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या."

खुर्च्या सरकल्या. लेकीने माइक खाली घेतला आणि त्याने शिकवलं होतं तसं बुडाचं बटण दाबलं. बोलून झालं की बंद करत जा, ताई, बॅटरी वाचते.

बंद.

पंख्यांची घरघर. कुणाचा तरी हुंदका.

मग दोन्ही स्पीकरांतून, खणखणीत:

"होता की नाही इथे? सगळ्यांनी पाहिला ना? आता डोळे मिटा. एक, दोन... गायब! गेला कुठे? कोण सांगतंय, गेला कुठे?"

आणि पोरांचा हशा. टाळ्या. एक पोर किंचाळून म्हणालं, "परत आणा! परत आणा त्याला!"

साउंडवाल्याने पट्टी तळाला आणली. वरच्या मजल्यावर वाढदिवस होता. तिथला बिनवायरीच्या माइकचा सेटही त्याचाच, आणि तो त्याची बायको सांभाळत होती. त्याने फोन लावला.

"जादूगाराचा माइक बंद कर. विचारू नकोस, आधी बंद कर!"

"केला. काय झालं हो?"

त्याने फोन ठेवला.

पहिल्या रांगेत बसलेले, वारलेल्या माणसाचे थोरले भाऊ उठले. डोळे लाल. "हा काय तमाशा चाललाय?"

काय झालं होतं ते त्याला पुरतं कळलं होतं. दुपारी त्याने इथला सेट लावला, मोकळं चॅनेल शोधलं आणि सेट बंद केला. मग वर जाऊन दुसरा लावला, पुन्हा चॅनेल शोधलं. खालचा बंद, म्हणजे यंत्राला तेच चॅनेल मोकळं दिसणार. पहिला चालू ठेवायचा आणि मग दुसऱ्याला जागा शोधायची, हे तर या धंद्यातलं ग म भ न. बायकोने विचारलंही होतं.

"अहो, दोन्हीकडे एकच आकडा आलाय. चालेल?"

"मधे अख्खा स्लॅब आहे. तू नको शिकवूस मला."

लेक बोलत होती तोवर तिच्या जवळच्या माइकने वरच्याला दाबून ठेवलं. तिने बटण बंद केलं आणि मोकळ्या जागेत जादूगार शिरला.

एवढं सगळं सांगायची गरजच नव्हती. माझी चूक. दोन शब्द. दोन शब्दांत भागलं असतं.

तो मंचावर चढला. लेकीच्या हातातून माइक घेतला, बटण दाबलं, टेबलाशी येऊन पट्टी वर केली.

चालू.

"माफ करा मंडळी. वरच्या सेटवर दुसरं माणूस आहे. नवीन आहे. चॅनेल न बघताच लावलं त्यांनी."

"दुसरं कोण?" थोरल्या भावांनी विचारलं.

"आमच्या मिसेस."

"मग झालंच की!" मागून कुणीतरी म्हणालं. तीन-चार रांगांतून हलकं हसू फिरलं. आवंढे गिळून दमलेल्या माणसांना तेवढंही पुरलं. थोरले भाऊसुद्धा सैल झाले. "बायकोला जरा शिकवून आणत जा, बाबा."

"हो ना," तो म्हणाला.

आणि हसला.

कुणी सांगितलं नव्हतं हसायला.

वरचा माइक बंद होता. वरचे स्पीकर चालू होते. तोच आकडा. जादूगाराचा आवाज ज्या वाटेने खाली आला त्याच वाटेने आपलाही वर जाणार, हे त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा बायको दारात उभी होती. गळ्यात हेडफोन. गालावर कुणा पोराने लावलेली चमकी. जिने भराभर उतरल्याने धाप लागलेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि केबल गुंडाळायला ती लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात शिकली होती.

ती त्याच्याकडे आली नाही. सरळ लेकीपाशी गेली.

"ताई, चुकलं माझं. मी नवीन आहे."

शब्द त्याचेच होते. तिने एकही बदलला नव्हता.

लेकीने तिचा हात धरला. "अहो, होतं असं. किती धाप लागलीय तुम्हाला! बसा बघू आधी. पाणी द्या रे कुणीतरी यांना." जिचा बाप गेला होता ती त्याच्या बायकोची समजूत काढत होती, आणि ती मान खाली घालून काढू देत होती.

थोरल्या भावांनी घसा साफ केला. "चला, पुन्हा उभे राहू या. तो माइक द्या इकडे." मग त्याच्याकडे बघून, "की तुम्हाला अजून काही बोलायचंय?"

"हो," तो म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. बायकोने नाही.

माइक ओठांपाशी होता. हिरवा दिवा लागलेला. कुठे खरखर नाही, कुठे तुटणं नाही. खाली दीडशे माणसं थांबली, वर तीस पोरं थांबली, आणि दोन्ही मजल्यांवर बराच वेळ फक्त त्याचा श्वास ऐकू येत राहिला.