वरचा थर

"आप्पा, थांबवा कुदळ!"

तेजस्वीनं पाठीवरची सॅकही उतरवली नव्हती. काकती गावातल्या घराच्या पुढच्या सोप्याची जमीन निम्मी उकरून झाली होती आणि उंबऱ्याबाहेर नव्या फरशीचे खोके रचले होते.

"उद्या गवंडी येतोय गं," आप्पा घाम पुसत म्हणाले. "तुज्या कॉलेजच्या पोरी आल्या तर मातीत बसवायचं व्हय त्यास्नी?"

कसल्या पोरी आणि कसलं काय! पुण्यात पुरातत्त्व घेतलेल्या तिच्या वर्गात डोकी मूठभर, त्यातलं एकही तिच्याशी दोन शब्द जास्तीचे बोलत नव्हतं. पण ते तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं.

"मला आईचा हात पायजे," ती म्हणाली.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटोत ती कायम कुणाच्या तरी मागं उभी. जमिनीवर मात्र तिची बोटं उमटलेली होती, शेणानं सारवताना ओढलेली अर्धगोल, एकात एक. त्यातला एक तुकडा होस्टेलवर न्यायचा, एवढंच तिला हवं होतं.

आप्पा कुदळ ठेवून खुरप्यानं कडेची माती ओढू लागले. खुरपं काय, घास काय, सगळं डाव्या हातानं. पंगतीत शेजाऱ्याला कोपर लागायचं म्हणून आई त्यांना मुद्दाम टोकाला बसवायची.

आत चुलीजवळची जागा अजून शाबूत होती. तेजस्वी गुडघ्यांवर बसली. उत्खननावर शिकवलं होतं तसा चौकोन आखून, हलक्या हातानं कापू लागली. तुकडा जवळजवळ सुटला आणि वरचा पापुद्रा तिच्या हातातच निखळला.

खाली दुसरा पापुद्रा होता. त्याखाली आणखी. सगळ्यांवर जाड, फाकलेल्या बोटांच्या रेघा होत्या. पार खाली गेल्यावर मात्र बारीक, दाट रेघा लागल्या. तिनं त्यांवर उजवा हात ठेवला. तो त्या वळणानं आपसूक फिरला. ही आई.

मग वरच्या पापुद्र्यावर ठेवला. तिथं हात अडला. ती वळणं उलटी होती.

दर सुट्टीला घर सारवलेलं असायचं. कुणी सारवलं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"आप्पा," ती वर न बघता म्हणाली, "आईमागं सारवायला कोण यायचं?"

"ती... शेजारची जयाबाई. आनि कोन? बाप्या माणसाचं काम हाय व्हय ते?"

तेजस्वीनं मान वर केली. आप्पांनी खुरपं हळूच डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं, आणि जमत नसताना तसेच माती ओढत राहिले.