पोथीचा घास

बेबीनंदानं पोथीचं पान तिरकं धरून मागून हलकी टिचकी मारली. पांढऱ्या कागदावर ज्वारीचे चार-पाच दाणे पडले. प्रत्येक दाण्याला एक बारीक भोक होतं. मागोमाग एक तपकिरी किडा पडला, उताणा, पाय हलवत. तिनं तो चिमट्यानं उचलून बाटलीत टाकला.

"हा किडा धान्य खातो," ती म्हणाली. "धान्य संपलं की कागद."

टेबलापलीकडं चांगुणाबाई उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या. लाल फडक्यात बांधलेली घरातली पोथी घेऊन त्या सकाळच्या गाडीनं मंठ्याहून जालन्याला, या कॉलेजातल्या हस्तलिखितांच्या खोलीत, जुन्या पोथ्या दुरुस्त करणाऱ्या बेबीनंदाकडं आल्या होत्या. कधी काळी त्यांच्या घरातल्या कुणी तरी बोरूनं लिहून काढलेली पोथी. तिच्यातलं अक्षर आता घरात कुणाला लागत नव्हतं.

"दरसाल नव्या ज्वारीचा पहिला घास तिचा," त्या म्हणाल्या. "पानात चार दाणे ठिवायचे. माझी सासू ठिवायची, तिची सासू ठिवायची. तिच्या आधी घरात कुणी नवी भाकर खाल्ली न्हाई."

बेबीनंदानं पान खिडकीसमोर धरलं. अक्षरांमधून उजेडाचे ठिपके आले.

चांगुणाबाईंनी ते ठिपके पाहिले, मग आपला उजवा हात पाहिला. "म्हंजे आम्हीच खाऊ घालून घालून..."

"आई, जल्दी कर," दारातून भुजंग म्हणाला. त्यांचा मुलगा. आल्यापासून तो घड्याळ बघत होता. "दोनची गाडी गेली तं घरी जाऊस्तोवर अंधार व्हईल. म्हशीला पाणी दावायचंय."

"म्हशीला दावायला कुणी न्हाई का घरी? तुझ्याबिगर पीतच न्हाई ती?"

बेबीनंदानं लोखंडी कपाट उघडलं. आत औषधाच्या दोन ताटल्या होत्या. वास आला तशा चांगुणाबाई पुढं वाकल्या.

"ओवा?"

"ओव्यातच असतं हे. बुरशीसाठी. किड्यांचं औषध वेगळं, ते खालच्या ताटलीत."

"बाळंतिणीला धुरी देतो तसं म्हणा की."

"तसंच. पंधरा दिवस कपाट बंद ठेवायचं. मग पानं दुरुस्त करून पोथी तुमची तुम्हाला."

तेव्हा कुठं चांगुणाबाई खुर्चीवर टेकल्या. पदराची गाठ सोडली. आत मूठभर ज्वारी होती, यंदाची, पांढरीशुभ्र.

"ही घरात येऊन पडलीय. सून बाळंत हाय, तिला बी अजून जुन्याचीच भाकर देऊन राह्यले."

"पोथीत आता दाणा नको, आजी. एकही नको."

"न्हाई ठिवत. कळलं मला." त्यांनी चार दाणे वेचून पुढं केले. "तिच्या वाटचा तुम्ही खा. ती आता तुमच्या हातात राहणार. घास पोचला की मी निवांत जाते."

बेबीनंदाचा हात पुढं झाला नाही. वडलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. शाळेत प्रसाद वाटला की त्या संध्याकाळी ते तिला, प्रसाद घेतला नाही ना, हे मूठ उघडून दाखवायला लावत.

"आम्ही बौद्ध आहोत," ती म्हणाली. "मी प्रसाद खात नाही."

पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद होता. भुजंगानं घड्याळावरची नजर काढली आणि आईकडं पाहिलं.

"राहू दे, आई. बाहेर शिपाई बसलाय ना, त्याला दे."

"पोथी शिपायाच्या हातात राहणार हाय का?"

"न्हाई, पर..."

"मंग तो कशाला खाईल?"

चांगुणाबाई उठल्या. दाणे परत पदरात गेले. त्यांनी लाल फडकं ओढलं आणि पानं गोळा करायला लागल्या, भराभरा, दोन्ही हातांनी. एका पानाचा कोपरा मोडून टेबलावर पडला.

बेबीनंदानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "थांबा. मोडेल अशानं."

"मोडली तं मोडली. उपाशी न्हाई ठिवायची मला तिला."

बेबीनंदानं मोडलेल्या कोपऱ्याकडं पाहिलं. त्यावर दोन अक्षरं होती. तिनं आपला हात काढला नाही. चांगुणाबाईंनीही काढला नाही.

"मी ज्वारी खाते," ती शेवटी म्हणाली. "प्रसाद खात नाही."

चांगुणाबाईंनी पदरातले चार दाणे पुन्हा तिच्यापुढं धरले.

"ज्वारीच हाय ती," त्या म्हणाल्या. "आमच्या वावरातली."

दाणे टणक होते. चावल्याचा आवाज तिच्या कानात मोठा झाला. चांगुणाबाई तिच्या जबड्याकडं बघत राहिल्या. तिनं गिळलं तसा त्यांनी पदर सारखा केला.

"चल रे," त्या मुलाला म्हणाल्या. "सूनबाईला नव्या पिठाची भाकर टाकू."

"गाडी गेली आता."

"गेली तं दुसरी येईल."

संध्याकाळी बेबीनंदानं कपाटाला कुलूप लावलं. कुलपाला हिसका देऊन पाहिलं. फाटकापर्यंत जाऊन परत आली आणि पुन्हा एकदा पाहिलं.

ज्वारीचं एक टरफल दाढेत अडकलं होतं. जीभ सारखी तिथं जात होती. घरी वडील वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय चघळतेस?"

"ज्वारी."

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. पान उलटलं. तरी ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं मूठ उघडून दाखवली.