शेडकार्डावरचं बाळ

"पोर पिवळं निघालं तर भर चौकात मिशी काढीन," तात्या म्हणाले. शेजारच्या रंगाऱ्यानं लगेच टाळी देऊन पैज पक्की केली.

पोर म्हणजे तात्यांचा चार दिवसांचा नातू. सून दोन दिवस कानीकपाळी ओरडत होती, बाळ पिवळं दिसतंय, दूधही नीट ओढत नाही, दवाखान्यात नेऊ. तात्यांचं एकच पालुपद: आमच्या घराण्यात पोरं सोन्यासारखीच जन्मतात, खिडकीतलं ऊन दाखवा. मुलगा बापापुढे तोंड उघडेल तर शपथ. तेवढ्यात हा रंगारी आला. खिशातलं रंगांचं शेडकार्ड काढून त्यानं बाळाच्या कपाळाशी धरलं आणि म्हणाला, लिंबू कलर, शंकाच नको. तात्यांच्या मिशा फुरफुरल्या. त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे म्हणून ते सगळ्यांना घेऊन तडक दवाखान्यात गेले.

रक्त तपासलं. कावीळ, आणि चांगलीच चढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर केला असता तर मेंदूला धोका होता.

लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी, एवढ्याच थाटात बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी काचेतून पाहिलं तर पिवळेपणा गायब. छाती काढून ते नर्सला म्हणाले, बघा, सोनंच आहे. त्या उजेडात कुणीच पिवळं दिसत नाही आजोबा, नर्स म्हणाली, खरं काय ते रक्त सांगतं. त्यानंतर तात्यांनी सोन्याचा विषय काढला नाही. रक्ताचा रिपोर्ट यायचा, तेव्हा दाराशी हात जोडून उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी कावीळ उतरली. बाळ घरी आलं.

संध्याकाळी न्हाव्यानं चौकात खुर्ची मांडली. अख्खी गल्ली लोटली. अर्धी मिशी उतरल्यावर तात्या रंगाऱ्यावर डाफरले, "तुला रे काय पडलं होतं माझ्या नातवाच्या रंगाचं?"

रंगाऱ्यानं मान खाजवली. "मला तुमच्या सूनबाईंनी पाठवलं, तात्या. म्हणाल्या, सासरे माझं ऐकणार नाहीत, पण तुम्हाला खोटं पाडायला धावत जातील."

वस्तरा हवेतच थांबला. सून बाळाला घेऊन हळूच गर्दीच्या मागे सरकली. तात्यांनी उरलेल्या अर्ध्या मिशीवरून एकदा हात फिरवला.

"थांब जरा," ते न्हाव्याला म्हणाले. "सूनबाईला पुढे येऊ दे. पैज तिनं जिंकलीय."