देवदूताच्या पंखावरची काजळी

“ही बघा आधीची अवस्था,” हातातल्या फोटोवर बोट ठेवत मी पाहुण्यांना म्हणाले. चर्चच्या छतावरची जुनी चित्रं आम्ही दोन वर्षं खपून स्वच्छ केली होती. फोटोत कोपऱ्यातल्या देवदूताचा पंख काळाकुट्ट होता. “मेणबत्त्यांची काजळी. बरोबर याच्याखाली कुणीतरी रोज मेणबत्ती लावत असणार. लोकांना कळतच नाही!” सगळे हसले.

लुगडं नेसलेली एक म्हातारी मात्र हसली नाही. पाहुणे पुढे सरकल्यावर ती जवळ आली.

“बाय, ती मीच. पोरगा दर्यात बुडाला, हाती लागलाच नाही. कबरच नाही, मग मेणबत्ती लावू कुठं? इथं लावायचे.” तिनं मान वर करून तो पांढराशुभ्र पंख पाहिला. “माझ्यामुळे एवढं खराब झालं होय? माफ कर हां.”

हातातला फोटो मी उलटा केला. ‘मेणबत्त्या लावू नयेत’ ही भिंतीवरची पाटीही माझीच होती.

तिनं पिशवीतून मेणबत्ती काढली, पाटीकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “न पेटवता नुसती हातात धरून उभी राहिले, तर चालेल ना?”